मोर्च्यातलं वळण

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि आमच्या साखऱ्याच्या तांड्यावर तिच्यापासून काही लपत नाही. आता लपवायचाही कंटाळा आलाय.

कुरुंद्याचा रशीद आणि मी एकाच पलटणीत होतो. दोन हजार सालानंतर सीमेवर गोळाबारी रोजचीच झाली. आम्हा दोघांना एक मोर्चा खणायला दिला – म्हणजे माणूस उभा राहील एवढा खोल खंदक. तो सरळ खणत नाहीत. थोड्या थोड्या अंतरावर वळण द्यायचं. गोळा आत पडलाच, तर त्याचे तुकडे वळणाच्या मातीत अडकतात. सरळ असला, तर ते या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसं कापत जातात. मला ठाऊक नव्हतं का? तोंडपाठ होतं.

अर्धा त्यानं खणला, अर्धा मी. त्यानं त्याचं वळण नीट काढलं. माझ्या वळणावर खडक लागला. टिकाव उसळायचा, हात बधिर व्हायचे. मी – काय सांगू – खडक सोडला आणि मऊ मातीत सरळ निघालो. काम तपासायला आलेल्या उस्तादांनी नुसती खोली पाहिली.

"वळन काहून न्हाई काढलं?" रशीदनं विचारलं.

"काढतो ना उद्या."

दुसऱ्या दिवशी रशीद मी खणलेल्या अर्ध्या भागात पहाऱ्यावर होता. मी त्यानं काढलेल्या वळणाआड बसून जेवत होतो. गोळा माझ्या सरळ चरात पडला. मला खरचटलंही नाही. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला.

इस्पितळात तो शुद्धीवर आला, पण आधीचे काही दिवस डोक्यातून पुसले गेले होते. म्हणाला, "ते सरळ काम कोनाचं व्हतं रे?"

मी म्हणालो, "तुझं."

किती सहज आलं ते तोंडात! लाज वाटली का? वाटली. मग बोललो का? नाही.

आता भरतीची तयारी करणारी पोरं त्याच्या अंगणात जमतात. मी गेलो की तो कुबडी टेकून त्यांना हमखास सांगतो, "म्या आळस केला, लेकरांनो. माजा पाय माज्याच हातानं गेला." मग माझ्याकडं वळतो, "खरं का न्हाई, बाळू? तू व्हता ना तिथं."

"व्हय," मी म्हणतो, "बराबर हाय."

आणि त्याच्या बायकोनं दिलेला चहा पितो.