अंबाडी म्हणून दिलेलं रोप

विश्राम परब फांदी कापण्याआधी झाडाशी बोलत. शर्टाच्या खिशातून ब्लेड काढायचं, अंगठ्याने फांदीवरचा डोळा चाचपायचा आणि म्हणायचं, "वाईच सोस गो बाय." मग एकच तिरपा काप. ती फांदी ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून ते छातीशी अशी धरत, की हा माणूस दवाखान्यातून बाळ घेऊन निघालाय असं वाटावं.

ओमानमधल्या रुसैलच्या आमच्या कारखान्यात मी क्वालिटी विभागात इंजिनियर आणि ते माळी. कुडाळजवळच्या एका खेड्यातले, पन्नाशी उलटलेले, काटकुळे. कारखान्याच्या मागे हिरव्या जाळीखाली त्यांनी नर्सरी उभी केली होती. बाहेर उन्हामुळे लोखंडाला हात लावायची सोय नसायची, आणि आत जास्वंद, कण्हेर, बोगनवेल मुळं धरत असायची. कंपनीने रोपं विकत आणणं केव्हाच बंद केलं होतं. "इकत कित्याक आणूची? एका झाडात शंभर झाडा असतत. काढूक येवक व्हयी," ते म्हणत.

पहिल्यांदा घरी आले ते माझा वाळत चाललेला मोगरा बघायला. आम्ही तळमजल्यावर राहतो, मागे छोटंसं अंगण आहे. दिवाणखान्यातली बुद्धमूर्ती बघून त्यांनी चपला काढल्या आणि हात जोडून म्हणाले, "जय भीम, बाय." परदेशात आडनाव ऐकून हिशोब करणारी आपली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. हे मात्र सरळ स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसले आणि माझ्या हातची भाकरी जेवले. त्या दिवसापासून मी त्यांना भाऊ म्हणू लागले.

मग दर शुक्रवारी ते येत. माझी मुलगी मैत्री तेव्हा सहावीत होती. तिचं मराठी अडखळत चालतं, पण परब अंकलशी ते धावायचं. त्यांनी तिला पानफुटीचं एक पान मातीवर नुसतं ठेवायला लावलं. आठवड्याभरात पानाच्या कडेला इवली इवली रोपं उभी राहिली. ती नाचायलाच लागली. मग तिने गुलाबाचं पान लावलं आणि रोज उकरून बघू लागली.

"अंकल, ह्याला रूट्स का नाही येत?"

"सगळ्या पानांक झाड नाय येणा गो. पानफुटीची गोष्ट येगळी. गुलाबाची फांदी लाव, डोळो बघून. आणि उकरू नको. झाडाचो इस्वास मोडता."

उन्हाळा लागण्याआधी एका शुक्रवारी ते सहा कुंड्या घेऊन आले. बोटांसारखी फाटलेली पानं, सरळ खोड. "अंबाडी असा. तुमच्या मुलखातली," ते म्हणाले. "जाळयेखाली आता तिका ऊन सोसाचा नाय. तुमच्या मागल्या अंगाक सावली असा. पण इतक्यात भाजी करू नकात हां. आधी फांद्ये लावून वाढवया."

माझं माहेर भंडाऱ्याकडचं. अंबाडीची भाजी आणि वर लसणाची फोडणी, हे मी कितीतरी वर्षांत खाल्लं नव्हतं. मी कधीतरी बोलताबोलता म्हटलेलं या माणसाने लक्षात ठेवलं, म्हणून माझे डोळे भरून आले होते. मी त्या कुंड्यांना पिण्याचं पाणी घालायची. ते येत, फांद्या कापून नेत, आणि मी त्यांना चहा देई.

मे महिन्यात मैत्रीच्या शाळेत विज्ञानाचा प्रकल्प होता, विषय फांदीपासून रोप. सकाळी ती त्याच अंबाडीची फांदी लावून दह्याच्या डब्यात वाढवलेलं एक रोप घेऊन बसची वाट बघत दारात उभी होती. मी सहज त्याचं एक पान खुडून तोंडात टाकलं. अंबाडी आंबट असते. हे कडू होतं. बोटांना एक चिकट, उग्र वास आला, आणि तो वास मी ओळखला. माझे वडील गावचे पोलीस पाटील होते. तुरीच्या शेतात मधोमध लपवलेला गांजा पोलिसांनी उपटला, तेव्हा मी त्यांचं बोट धरून बांधावर उभी होते.

मी तिच्या हातातून डबा हिसकावला. बस हॉर्न देत होती.

"आई! माझा प्रोजेक्ट!"

"हे कोणाला दाखवलंस?"

"क्लासच्या ग्रुपवर फोटो टाकला ना काल." ती रडायला लागली. "मी काही सांगितलं नाही. अंकल म्हणाले होते, कोणी विचारलं तर भेंडी सांग."

या देशात असल्या एका रोपासाठी माणसं वर्षानुवर्षं आत जातात. आमच्या घरात सहा होती, आणि माझ्या मुलीला खोटं बोलायला शिकवून ठेवलेलं होतं.

नवरा कामासाठी निझवाला होता. फोनवर म्हणाला, "उपटून फेक, खलास." पण फोटो कसा उपटणार? नेलेल्या फांद्या कुठे होत्या, कोणाला माहीत? मी कंपनीच्या मंदूबला, म्हणजे सरकारी कामं बघणाऱ्या ओमानी माणसाला, सगळं सांगितलं. तो वकिलाला घेऊन येतो म्हणाला. मग मी विश्रामभाऊंना बोलावलं. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. बहुधा मला त्यांच्या तोंडून "नाही" ऐकायचं होतं.

ते आले. कुंड्या अंगणाच्या मधोमध मांडलेल्या बघून पायरीवर बसले.

"हे काय आहे, भाऊ?"

"अंबाडी..."

"मी अंबाडीच्या मुलखातली आहे."

त्यांनी खिशातलं ब्लेड काढून पायरीवर ठेवलं. मग म्हणाले, "गाला एरियातल्या एका गॅरेजवाल्यान फांदी दिल्यान. तो म्हणालो, ही तुझ्यान जगाची नाय. माका जगवन दाखवची होती."

"आणि जगल्यावर?"

"मगे तो न्हेत रवलो."

"आमच्याच घरी का?"

त्यांनी मान वर केली नाही. "तुमच्या घराक कोण इचारतलो, बाय? शिकलेली माणसा तुमी. पोर असा घरात."

पोर असा घरात. म्हणजे माझी मैत्री त्यांच्या हिशोबात होती. पानफुटीपासूनच होती का, हे मी विचारलं नाही. उत्तर ऐकायची माझी तयारी नव्हती.

"माका एक दिवस द्या," ते म्हणाले. "तिकीट काढून जातंय. परत तोंड दाखवचंय नाय."

"नाही," मी म्हटलं.

ते पळाले नाहीत. मंदूब आणि वकील आले, त्यांनी पोलिसांना कळवलं; पोलिसांची गाडी येईपर्यंत भाऊ तिथेच बसून राहिले. जबाबात त्यांनी हिंदीत एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगितलं, "इन लोगों को कुछ मालूम नहीं था." त्या वाक्यावर आम्ही सुटलो. तरी पासपोर्ट काही महिने जमा होते आणि चौकशीला कितीदा गेलो, ते मोजलं नाही. त्यांना शिक्षा झाली. कारखान्यातली काही मराठी माणसं माझ्याशी बोलेनाशी झाली. एकाने तोंडावर सुनावलं, "त्याने तुम्हाला वाचवलं, आणि तुम्ही?" ज्याने विहिरीत ढकललं त्यानेच दोर टाकला, म्हणून त्याच्या पाया पडायचं का?

मैत्री आता मोठी झाली आहे. कोणी काही प्रेमाने दिलं, की आधी माझ्याकडे बघते.

शिक्षा झाल्यावर काही दिवसांनी विश्रामभाऊंच्या बायकोचा गावाहून फोन आला होता. मी तिला कधी भेटले नव्हते.

"तुमी त्येंका भाऊ म्हणा होतास मा?" तिने विचारलं.

"हो."

"मगे भावाक एक दिवस दिवक जमाक नाय?"

मी तिला सगळं सांगितलं. कुंड्या, दह्याचा डबा, आणि मुलीला सांगून ठेवलेली भेंडी.

"पोरीक खोटा बोलूक सांगल्यानी?" शेवटी तिने विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता. "माका तर म्हणा होते, गुलाबाच्या कलमांचो जोडधंदो असा."

फोन तिनेही ठेवला नाही, मीही ठेवला नाही.