शनिवारवाड्यातली माझी सावली

"हिला उन्हात उभी करा," गुरुजी म्हणाले, "म्हणजे नीट समजेल."

शनिवारवाड्यात, कारंज्याजवळ मला उभं केलं. चिंचवडच्या शाळेची आम्ही पोरं सकाळच्या आगगाडीनं पुणं बघायला आलो होतो. महारवाड्यातून शाळेत जाणारी मी एकटीच. पेशव्यांची राजधानी बघायची म्हणून आईनं माझं एकुलतं एक परकर-पोलकं धुऊन दिलं होतं. मी खुळ्यासारखी खूश. दिल्ली दरवाजाचे खिळे हात लावून पाहिले. वाटलं, हेही माझंच.

तिसरा प्रहर झाला होता. गुरुजींनी छडीनं माझी सावली दाखवली.

"पेशवाईत या वेळेनंतर हिच्या जातीला पुण्यात थांबायची बंदी होती. का? सावली लांब पडते. ज्याच्यावर पडली तो बाटला. पळा बघू, कोण बाटतो!"

देश स्वतंत्र होऊन वर्षं उलटली होती. गुरुजींना कुणी कळवलं नव्हतं.

पोरं किंचाळत पळाली. मी जरा हलले की आरडाओरडा, हसणं. सगळ्यात जोरात पाटलाची कमल हसली. सकाळी गाडीच्या गर्दीत शिवाशिव कुणाला आठवली नव्हती, तेव्हा आम्ही दोघी एकाच खिडकीतून बघत आलो होतो. "आई गं, बाटले असते की!" म्हणत ती उडी मारून मागं सरली. मला तिथल्या तिथं मरावंसं वाटलं.

मग सगळे जेवायला बसले. भाकरीची फडकी सुटली. लांबत चाललेली माझी सावली भाकरींवर पोचली.

"सरक आता तिकडं. खेळ संपला," गुरुजी हसत म्हणाले.

मला राग आला. असा राग आयुष्यात पहिल्यांदा आला.

"न्हाई सरकनार."

हातात धरून मारावं तर छडीतून विटाळ त्यांना चढणार. म्हणून त्यांनी ती लांबून फेकली. कानशिलावर बसली, रक्त आलं. मी हलले नाही. शेवटी त्यांनीच फडकी उचलली.

"उद्या शाळेत दिसलीस तर याद राख!"

घरी आई रडली. "पाया पड त्यांच्या, पोरी. शाळा सुटंल तुजी."

पाया पडले नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. रोज दाराबाहेर गोणपाटावर बसायचे, त्या दिवशी वर्गाच्या मधोमध बसले.

"बाहेर हो!" गुरुजी ओरडले.

"धरून काढा," मी म्हणाले. "लावा हात."

त्यांनी हात लावला नाही. मी तिथंच बसून राहिले.

तेव्हापासून माझं ठरलंय. तुमच्या सोयीसाठी मी कुठूनही उठणार नाही.