डॉक्टरांना मी ताप सांगितला

बायकांच्या या ग्रुपवर नाव न टाकता लिहितेय. मी केंदूरची, बारावीत आहे.

चार महिने झाले, संडासला बसलं की रक्त पडतं. मुरडा येतो, वजन उतरलंय. एसटीत पंचाईत नको म्हणून सकाळचं खाणंच सोडलंय. आईला मी फक्त पोटात आग होते एवढंच सांगितलं. ती म्हणाली, "उष्णता हाय," आणि रोज सब्जा भिजवून देते.

आज कॉलेज बुडवून शिरूरला दवाखान्यात एकटीच गेले. केसपेपर काढणाऱ्या ताईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय होतंय?" शेजारी आमच्या आळीतले आप्पा बसले होते. मी म्हणाले, "ताप."

डॉक्टरबाईंनी ताप मोजला. नव्हता. मी शेवटी केसपेपरच्या मागं लिहून दिलं, संडासमधून रक्त जातं.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "रक्त पहिल्यांदा दिसलं तेव्हाच यायचं होतं गं. पोटाचा आजार आहे, त्यात लाजायचं काय? तपासण्या कराव्या लागतील. उद्या आईला घेऊन ये."

घरी पोचायच्या आधीच आईला आप्पांचा फोन आला होता. आईनं झेंडूची फुलं निवडता निवडता माझ्या कपाळाला हात लावला. "ताप आलता तर मला सांगायचं न्हाई व्हय?"

हात गार होता. मी तापच होता अशी मान हलवली आणि आत आले.

तुम्हा अनोळखी बायकांना सगळं सांगून झालं. आई अजून ओसरीतच बसलीय. तिला पहिलं वाक्य काय बोलू?