कॅसेटीतली गाडी

"परत लाव."

"हिलाल, सात डाव ऐकी तू. रीळ झिजी जाई भो."

"झिजू दे. त्या बाजूना शेवट लाव. गाडी तापेल शे तठे."

आधारभाऊनं मांडीवरच्या टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं. एसटीत तीस वर्षं ड्रायव्हरकी करून रिटायर झालेला हा माणूस, पण आज त्याचाही जीव कंटाळला होता. धुळ्याला आग्रा रोडवर हिलाल मिस्तरीचं गॅरेज. जेवणं झालेली, ऊन पत्र्यावर तापलेलं, आणि त्या पत्र्याखाली हे दोघं म्हातारे जर्मनीतल्या एका गाडीचं इंजिन ऐकत बसलेले.

गाडी हिलालच्या पोरानं, भटूनं, बघून ठेवलेली. पोरगा दोन वर्षांपासून तिकडं कंपनीत. आई द्रौपदाबाई तीन महिन्यांसाठी त्याच्याकडं गेलेली. भटूच्या मनात आलं, की आईला डोंगर, बर्फ, इटलीपर्यंतचा मुलूख दाखवावा, आणि तोही दुसऱ्याच्या गाडीतून नाही. दोन दारांची, सहा सिलिंडरची, बारा वर्षं जुनी पण तिच्या काळात सगळ्यांच्या पुढं पळणारी अशी गाडी त्यानं हेरली. द्रौपदाबाईला लिहिता येत नाही, म्हणून तिकडून पत्राऐवजी कॅसेट यायची. या खेपेला एका बाजूला आईचं बोलणं होतं आणि दुसऱ्या बाजूला नुसतं इंजिन. भटूनं बॉनेट उघडून, टेप जवळ धरून, चांगलं पंधरा मिनिटं भरलेलं.

त्यात चूक काही नव्हती. सेकंडहँड गाडी घ्यायची म्हणजे हिलाल मिस्तरीला न्यायचं, हे फैजपूरच्या केळीवाल्यांपासून सगळ्यांना ठाऊक. तो रंग बघत नसे, कागद बघत नसे. गाडी चालू करायला सांगायचा, पेचकसाचं टोक इंजिनवर टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायचा अन् डोळे मिटायचा. मग एकच शब्द. ले, नाहीतर नको ले. ऐकल्याबिगर 'ले' म्हणायचं नाही, हा त्याचा धर्म.

तो धर्म त्यानं दोन रविवारांमागं मोडला होता.

भटूचा फोन मोतीलालच्या बूथवर आला. बूथात आठ-दहा माणसं, त्यात मॅटाडोर दाखवायला आलेले दोन केळीवाले. भटू म्हणाला, "आबा, कॅसेट भेटनी ना? आवाज कसा शे? दुसरा गिऱ्हाईक शे, आजच सांगनं पडी."

कॅसेट आलेली नव्हती. पण या पोरानं बापाला जन्मात काही विचारलं नव्हतं. कुठल्या कॉलेजात जाऊ ते नाही, नोकरी कुठं धरू ते नाही. आज विचारत होता, अन् सगळा बूथ कान देऊन होता. हिलालनं मनाशी म्हटलं, जर्मनीची गाडी, तिला काय धाड भरली?

"आवाज ऐकं मी," तो फोनात म्हणाला. "बेस शे. ली टाक."

मग काल, गुरुवारी, पोस्टमननं कॅसेट आणून दिली.

टेपमधून घरघर निघाली. पहिली दहा मिनिटं इंजिन मऊ चालत होतं. मग भटूनं रेस दिली, सोडली, आणि सोडताना खालून आवाज आला. ठक. ठक. ठक.

"टेपना व्हई तो," आधारभाऊ म्हणाला. "सेल उतरनात."

सेल सकाळीच नवे घातलेले. तरी हिलालनं उठून कॅसेट उलटी केली. द्रौपदाबाई बोलू लागली. मी बरी शे. आठे भाकर जमस नई, पीठच तसं नई. गाडी भेटनी म्हनजे पंधरा दिन डोंगरवर जानं शे, माले पुढला शीटवर बसाडनार शे म्हने. तिचा आवाज स्वच्छ होता. त्यात कुठं ठकठक नव्हती.

हिलालनं पुन्हा इंजिनाची बाजू लावली. सवयीनं पेचकस घेतला, टेपच्या जाळीवर टेकवला, मूठ कानाला लावली. आधारभाऊला हसू आलं. "आरे, टेपनं इंजिन तपासस का?"

हिलाल हसला नाही. "कनेक्टिंग रॉडनं बेअरिंग गयं शे. घाट चढताना तो दांडा तुटी, अन् इंजिनना ब्लॉक फोडीसन बाहेर ई."

"त्या गाड्या आपला सारख्या नईत भो."

"लोखंड कोठलं बी ऱ्हावो, ठोकाले लागनं म्हनजे ठोकस."

"अन् वहिनी पुढं बसेल शे. ती बोलाले लागनी म्हनजे भटूले इंजिन ऐकूच येवाव नई." आधारभाऊ स्वतःच्या विनोदावर थोडा हसला, मग थांबला. "पन तू त फोनवर 'बेस शे' सांगं ना? तवय ऐकं नव्हतं का?"

"नई."

आधारभाऊनं टेप बंद केला.

दोघं मोतीलालच्या बूथवर गेले. मोतीलालनं नंबर फिरवला. चौथ्या खेपेला लागला, अन् उचलला तो भटूच्या घरमालकिणीनं. मोतीलाल मोडक्या इंग्रजीत बोलला, ऐकलं, फोनवर हात ठेवून म्हणाला, "शनवारी निंघी गयात. इटली इटली म्हनस. परत कवय येतीन ते माले समजनं नई."

"तिले सांग, गाडी उभी करा म्हनाव."

"कोठे सांगी ती? ती घरमा शे, त्या डोंगरमा."

हिलालनं फोन हिसकून घेतला. "बाई, ती गाडी घाटवर चढाडू नका. इंजिन ठोकी ऱ्हायनं. त्यासना फोन उना त सांगजो. भटूले सांगजो, आबानी ऐकं नव्हतं."

पलीकडची बाई शेवटपर्यंत ऐकून घेत होती. मग ती हळू, समजुतीच्या सुरात काहीतरी बोलली. हिलालला शब्द एकही कळला नाही, पण सूर कळला. घाबरलेल्या गिऱ्हाइकाला तो स्वतः याच सुरात सांगायचा, काही होत नाही, जा बिनघोर. फोन ठेवला गेला.

"उद्या परत लावू," मोतीलाल म्हणाला.

"उद्या बी तीच उचली," हिलाल म्हणाला. पंधरातले सहा दिवस गेलेले, नऊ राहिलेले. नऊ दिवसांत घाट किती, ते त्याला कोण सांगणार.

गॅरेजात शिंदखेड्याचा माणूस जीपजवळ बसून होता. सकाळपासून इंजिनाचं हेड उघडून पडलेलं.

"मिस्तरी, आज भेटी ना? सांजले वरातले जानं शे."

"भेटी," हिलाल म्हणाला. "पन चालू करीसन ऐकसू, मंगच." त्यानं हेड चिंधीनं पुसलं, पॅकिंग बसवलं, वर हेड ठेवलं, आणि मधल्या नटापासून आवळायला सुरुवात केली.