एकाच भुलीत

आमच्या घरात बाईच्या कुठल्याही गोष्टीला 'नंतर' म्हटलं, की ती गोष्ट मेली असं समजायचं. माहेरी जाणं नंतर, गुडघ्याचा एक्स-रे नंतर, न्हाणीघराच्या दाराला आतून कडी नंतर. ती कडी अजून बसलेली नाही. म्हणून प्लास्टिक सर्जन बाईंनी जेव्हा सांगितलं, की कॅन्सरचा डावा स्तन काढला की लगेच पोटाचं मांस आणि कातडी घेऊन तिथं नवा उभा करता येतो, तेव्हा दुखेल का हे मी विचारलंच नाही. मी विचारलं, "पण एकाच भुलीत होईल ना?"

होईल, म्हणाल्या. मग घरी मालकांची समजूत काढायची होती. त्यांचं टॉवेलचं दुकान आहे. माणूस वाईट नाही, फक्त जगातली प्रत्येक वस्तू गिऱ्हाइकाला लागते की नाही एवढंच बघतो. "या वयात कशाला ते? जीव वाचला म्हणजे बास की," म्हणाले. मी दोन दिवस बोलले नाही. मग त्यांनीच भाकरी मोडता मोडता सांगून टाकलं, "एकाच भुलीत होत असंल तर होऊ दे. पुन्हा पुन्हा कापाकापी नको." मला तेवढंच हवं होतं. ती परवानगी त्या एका भुलीपुरती होती आणि ती हुकली तर पुन्हा मिळणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मला हवा होता तो. उगाच आडवळणानं कशाला सांगू? माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत एक काकू होत्या, त्यांचा एक स्तन काढलेला होता. त्या झंपरात कापडाचा बोळा घालायच्या. एका हळदीकुंकवाला त्या अत्तर लावायला वाकल्या आणि बोळा सरकून पोटावर आला. सगळ्या बायकांनी पदराआड हसू दाबलं. काकूंनी अत्तरदाणी खाली ठेवली, पदर सारखा केला आणि पुढच्या बाईच्या हाताला अत्तर लावलं. त्यानंतर त्या कुणाकडेच गेल्या नाहीत. मी प्राथमिक शाळेत शिकवते. दिवसभर हात वर करून फळ्यावर लिहायचं, पाठीमागे चाळीस डोळे. रात्री-बेरात्री मला त्या काकू दिसायच्या आणि मी उठून बसायचे.

पहिल्या तपासणीत सर्जन बाईंनी विचारलं होतं, "सिगारेट, तंबाखू, गुटखा, काही?" मला रागच आला. म्हटलं, "मॅडम, मी शिक्षिका आहे. आमच्या शाळेच्या भिंतीवर तंबाखूमुक्त शाळा असा फलक आहे, तो मीच रंगवून घेतलाय." त्या हसल्या आणि पुढे गेल्या. मी खोटं बोलले नव्हते. मी मिश्री लावते. मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली तंबाखूच, पण आमच्याकडे तिला कुणी तंबाखू म्हणत नाही. तंबाखू पुरुष खातात. मिश्री दाताला लावतात. माझी आई लावायची, मावशी लावायची, सकाळी ती लावल्याशिवाय पोट साफ व्हायचं नाही. चहा हे व्यसन आहे का विचारलं तर कोण हो म्हणेल?

केमो संपली, गाठ आकसली, ऑपरेशन ठरलं, तेव्हा भूल देणाऱ्या डॉक्टरांनी तपासायला बोलावलं. म्हणाले, "आ करा." मी आ केला. त्यांनी बॅटरी मारली, हिरड्या बघितल्या, बॅटरी बंद केली.

"मिश्री लावता?"

"हो," मी म्हटलं. "दात घासायला."

त्यांनी तिथूनच प्लास्टिकवाल्या बाईंना फोन लावला. बाई आल्या, रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पोटाचं मांस छातीवर बसवताना दोऱ्याएवढ्या बारीक रक्तवाहिन्या जोडायच्या असतात, म्हणाल्या. तंबाखूनं त्या आकसतात. मग बसवलेलं मांस काळं पडतं, काढून टाकावं लागतं, आणि पोट कापलेलं ते कापलेलंच. कॅन्सरचं ऑपरेशन पुढे ढकलता येणार नव्हतं. तोवर मिश्री पूर्ण बंद. दाखल होताना लघवी तपासणार. तिच्यात तंबाखू आढळली तर स्तन फक्त काढायचा. "नवा नंतर करू," त्या म्हणाल्या. तोच शब्द, त्यांच्याही तोंडून.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, त्यातली सोळाशे मी आधीच पार केली होती. हेही करीन म्हटलं. घरी येऊन डबी मोरीत रिकामी केली.

पण केमोनं जे केलं नाही ते त्या रिकाम्या डबीनं केलं. डोकं ठणकायचं. पोट दगड व्हायचं. डाळ सांडली म्हणून मी रडले, डाळ सांडली नाही म्हणूनही रडले. हे दुकानात पळायचे. माझ्या सेवेला करकंबहून अक्का आल्या होत्या, ह्यांच्या थोरल्या बहीण. लग्नापासून अक्का आल्या की पहाटे आम्ही दोघी मागच्या पायरीवर बसायचो, एका डबीतून मिश्री लावायचो आणि घरातल्या पुरुषांचा यथास्थित उद्धार करायचो. मला या घरात कुणी सख्खं होतं तर त्या. आता त्यांनी आपली डबी देव्हाऱ्यात ठेवली. मिश्रीची वेळ अंघोळीआधीची, आणि अंघोळीशिवाय मी देवाला हात लावणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. स्वतः मात्र गच्चीवर जाऊन लावून यायच्या आणि वाऱ्याला तोंड करून उभ्या राहायच्या, वास जावा म्हणून.

"अक्का, चिमूटभर द्या," मी एकदा पाय धरले त्यांचे. खरोखर धरले.

"न्हाय देणार. मर की मला शिव्या देऊन."

"अक्का, पोट फुटेल माझं."

"फुटू दे. तेच पोट कापून लावायचं हाय न्हवं?" असं म्हणून त्या माझ्या शेजारी बसून रडल्या.

दाखल व्हायच्या आदल्या सकाळी त्या गच्चीवरून खाली आल्या आणि माझ्या टकलाला खोबरेल तेल चोळायला बसल्या. केस गेल्यापासून ते त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. हात कपाळावर आला आणि मला वास आला. तेलाच्या खालून आलेला, भाजका, कडू, पहाटेचा. मी त्यांचा हात धरला. त्यांना वाटलं, दुखलं. मी त्यांचं मिश्रीचं बोट तोंडात घातलं आणि चोखलं. लहान मूल चोखतं तसं, डोळे मिटून, नखाच्या कडेला राहिलेलीसुद्धा. अक्कांनी बोट काढून घेतलं नाही. डोकं हलकं झालं, अंग सैल पडलं, आणि मग काय केलं ते मला कळलं. अक्कांनी ते बोट पदराला पुसलं आणि माझ्याकडे न बघता परत तेल चोळायला लागल्या.

ऑपरेशनच्या सकाळी बाई निळं पेन घेऊन आल्या. त्या पेनानं अंगावर खुणा करतात, बसलेल्या नाही, उभ्या बाईवर. पडद्याआड मी गाऊन सोडून उभी राहिले. अक्का गाऊन धरून शेजारी. बाईंनी छातीवर मधोमध रेघ ओढली, मग डाव्या बाजूला गोल. मग पेन पोटापाशी थांबलं.

"लघवीचा रिपोर्ट काठावर आलाय," त्या म्हणाल्या. "मशीनवर मी ठरवणार नाही. तुम्ही सांगा. लावली होती?"

मी तोंड उघडायच्या आत अक्का बोलल्या. "न्हाय लावली, डागतरीणबाई. मी हाय की साक्षीला. डोळ्यात तेल घालून बसलेय मी हितं."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. नुसतं गप्प राहायचं होतं. पेन खाली आलं असतं. मी माझ्या पोटाकडे बघितलं, बाळंतपणाच्या वळ्यांचं, ढिलं, इतकी वर्षं मी नावं ठेवलेलं पोट. मला ते पहिल्यांदाच देखणं वाटलं. आणि मला ते मांस छातीवर काळं पडलेलं दिसलं. काळं, अक्कांच्या नखाच्या कडेसारखं.

"परवा," मी म्हटलं. "थोडी."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "नंतर करू आपण. नक्की." त्या मनापासून म्हणाल्या, मला कळत होतं. बाहेर हे उभे होते. बाईंनी त्यांना सांगितलं. ह्यांचा आवाज पडद्यातून आला, "असू दे, मॅडम. चालतंय की." त्यात सुटका होती. मला तो आवाज आयुष्यभर ओळखीचा आहे.

"खरं बोलून काय मिळालं गं तुला?" अक्का कुजबुजल्या. त्यांनी रागारागानं मला गाऊन घातला, नाड्या बांधल्या, मग कमरेच्या पिशवीतून डबी काढून माझ्या हातात ठेवली. "घे. आता लाव की. आता कशाला अडवू मी तुला?"

मी डबी घेतली. उघडली नाही, परतही दिली नाही. लावली तर त्या 'नंतर'चं नावसुद्धा घ्यायला नको, आणि परत देण्याइतकी ताकद माझ्यात नव्हती. न्यायला आले तेव्हा मी ती मुठीत धरूनच स्ट्रेचरवर झोपले. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी सिस्टर म्हणाली, मावशी, हातातलं द्या. मला द्यायचं होतं. बोटं उघडेनात. शेवटी तिनंच एकेक करून सोडवली.