खंडेनवमीची रांगोळी

माझा हात थरथरायला लागला तो फोरमनमुळे, असं मी तेव्हा मानत होतो. आजही बरंचसं मानतो.

पिंपरीत मुंबई रस्त्याला लागून ट्रकच्या बॉड्या बांधायचा एक कारखाना होता. तिथं मी रंगारी होतो. बॉडी रंगवून झाली की तिच्या अंगावर या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटभर रुंदीचा पिवळा पट्टा ओढायचा, तोही नुसत्या हातानं. ते काम माझं. वडील गेले, त्यांचं दिवसकार्य उरकून मी कामावर आलो आणि पहिल्याच दिवशी पट्टा वाकडा गेला. फोरमननं सगळ्या खात्याला हाका मारल्या.

"या, बघा रे. पट्टा मारलाय का गांडूळ सोडलंय?"

टर्पेंटाइनचा बोळा फिरवून त्यानं पट्टा पुसला आणि माझ्या हातात गंज खरवडायचा तारेचा ब्रश दिला. त्या दिवसापासून मी 'गांडूळराव' झालो. घरी चहाची बशी उचलली तरी चहा सांडायचा. हात असाच राहिला तर पट्टा पुन्हा कधी मिळणार नव्हता.

दापोडीत आमच्या खोलीपुढं बायको रोज सकाळी ठिपक्यांची रांगोळी काढायची. एकदा तिनं डबा माझ्यापुढं सरकवला.

"नुसते ठिपके मांडा. दुसरं काही मनात आणू नका."

पहिले ठिपके शिंतोड्यांसारखे पडले. हळूहळू कळलं की श्वास सोडता सोडता चिमूट सैल केली तर रेघ तुटत नाही. शेजारचा रेल्वेतला गँगमन राखुंडीनं दात घासत उभा राहायचा.

"काय राव, वहिनींना रजा दिली वाटतं?"

"हो, भरपगारी."

हात स्थिरावला. बायकोला वाटलं, मनही निवळलं. मी तिला तसं वाटू दिलं. खरं म्हणजे प्रत्येक ठिपका मी फोरमनच्या नावानं मांडत होतो. रेघेनं त्याला वेढा घातला की वाटायचं, सापडला. राग लोणच्यासारखा मुरत गेला, आणि तो मुरताना मला शांत झोप लागायची.

खंडेनवमीला कारखान्यात अवजारांची पूजा असे. फोरमनच्या फळ्यांच्या खोलीसमोर हातोडे, करवती, ब्रश मांडायचे. मोठे साहेब येऊन नारळ फोडायचे आणि तो नारळ त्यांच्या हाती द्यायचा मान फोरमनचा. त्या वर्षी रांगोळी मी मागून घेतली. फोरमन दार लावून आत कोट-टोपी चढवत होता. मी त्याच्या उंबऱ्यापासून अवजारांपर्यंत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ठिपके मांडले. एवढी मोठी रांगोळी मी कधी काढली नव्हती. एकही रेघ हलली नाही. ती पुरी होताच म्हाताऱ्या सुतारानं तिच्यावर हळदीकुंकू वाहिलं. आता पूजा होईपर्यंत तिच्यावर पाय द्यायची कुणाची छाती नव्हती.

दार उघडलं. फोरमननं खाली बघितलं, मग माझ्याकडे.

"वाट कुठं ठेवलीस?"

"विसरलोच की, साहेब."

मागून कुणीतरी म्हणालं, "उडी मारा, राव!" सगळं खातं हसलं. तेवढ्यात मोठे साहेब आले. नारळ सुतारानं दिला, आरती झाली. फोरमन उंबऱ्याआड हात जोडून उभा. साहेब रांगोळी निरखत राहिले.

"कुणाचा हात हा?"

सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "गंज खरवडतो, साहेब," सुतार म्हणाला.

"मग हा माणूस पट्ट्यावर का नाही?"

एरवी फोरमननं साहेबांच्या कानाशी लागून काहीबाही सांगितलं असतं. आज मध्ये रांगोळी होती. सगळ्यांदेखत, मोठ्यानं त्याला म्हणावं लागलं, "उद्यापासून... दसरा झाला की घेतो, साहेब."

घरी मी हे तिखटमीठ लावून सांगितलं. बायको हसली नाही.

"फोरमनना प्रसाद कुणी दिला?"

मला आठवेना. बहुतेक कुणीच दिला नव्हता.

दसऱ्याला तिनं माझ्या खिशात आपट्याची पानं घातली. "आधी त्यांच्याकडे जाऊन सोनं द्या. मग बाकीचे."

मी सायकल काढली. फोरमन पिंपरी गावात राहायचा. गल्लीच्या तोंडापासूनच तो दिसला. कालचाच कोट घालून ओट्यावर बसला होता. शेजारी ताटात पानं, लाडवांची परात झाकलेली. दरवर्षी निम्मं खातं तिथं जमायचं. आज एकही जण नव्हता. कुणी गल्लीत वळलं की तो मान उंच करून बघायचा.

मी वळलो नाही. भिंतीच्या आडून बघत राहिलो. मला बरं वाटत होतं, फार बरं वाटत होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण ते बरं वाटणं खोटं होतं असं मला म्हणता येत नाही. अंधारल्यावर त्यानं परात उचलून आत नेली, तेव्हा मी सायकल फिरवली. हात खिशात होता आणि पानांचा चुरा झाला होता.

बायको ओवाळायला ताट घेऊन दारातच उभी होती.

"भेटले का?"

"भेटले."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, सोन्यासारखे राहा."