खंडेनवमीला पुजलेलं विमान

मी आजवर जेवढी लढाऊ विमानं पाडली, ती सगळी माझी स्वतःचीच होती. एक समुद्रात, एक डोंगरात, कितीतरी धावपट्टीच्या थोडी अलीकडे, आणि एक तर जागेवर उभं असतानाच. त्या वेळी मी इंजिन सुरू करायचं सोडून खुर्चीसकट बाहेर फेकला जाण्याचा खटका ओढला होता. हे सगळं मानवतमध्ये, आमच्या घराच्या मधल्या खोलीत, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून घडलं, म्हणून आज लिहायला शिल्लक आहे.

पुण्याच्या भाच्यानं नवं सामान घेतलं तेव्हा जुनं मामाकडे पाठवून दिलं: एक दणकट कॉम्प्युटर, विमान उडवायची दांडी आणि डोळ्यांवर बांधायचा व्हीआरचा हेडसेट. आमच्या घरात त्याला ‘डबा’ म्हणतात. हे नाव बायकोनं ठेवलं आणि तेच टिकलं.

पण डबा काय चीज आहे! डोळ्यांवर बांधला की धान्याची कोठी, कॅलेंडर, वाळत घातलेले टॉवेल, सगळी खोली नाहीशी होते. तुम्ही विमानात बसलेले असता. मान वळवली की मागे शेपटी दिसते, खाली वाकलं की पायाशी तारा दिसतात, वर काचेचं झाकण आणि त्याच्यावर अख्खं आभाळ. मी शाळेत भूगोल शिकवतो. फळ्यावर नदीची वळणं काढून काढून केस पांढरे झाले, पण नदी वरून खरंच कशी दिसते ते मला त्या दिवशी कळलं. मी ऐटीत कोपर विमानाच्या काठावर टेकवलं आणि थेट फरशीवर आलो. काठ फक्त डोळ्यांना होता, कोपराला नव्हता.

बायको हाताला कणीक तशीच घेऊन धावत आली. “कुठं पडलात?”

“समुद्रावर.”

“मग कोरडे कसे हो?” असं म्हणून ती पोळ्या लाटायला परत गेली.

तर असा मी. आणि माझे सासरे अगदी उलटे.

सासरे वालूरचे. तरुणपणी हवाई दलात गेले आणि वीस वर्षं लढाऊ विमानांची देखभाल करून गावी परतले, ते पुढं शेतीतच रमले. वैमानिक नव्हेत, जमिनीवरचे माणूस. विमान तपासायचं, वैमानिकाला शिडीवरून आत बसवायचं, पट्टे आवळायचे, खुर्चीच्या खटक्यात अडकवलेल्या लाल फितीच्या पिना काढून त्याला मोजून दाखवायच्या, शिडी काढायची, सलाम ठोकायचा. मग विमान परत येईपर्यंत वर बघत थांबायचं. वीस वर्षांत हजार वेळा विमान तयार केलं, पण एकदाही त्यात बसून वर गेले नाहीत. त्या विमानात एकच खुर्ची, आणि ती त्यांची नव्हती.

हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. बायकोनं सांगितलं. ते आमच्याकडे यायचे तेव्हा मधल्या खोलीच्या दारात, हात मागे बांधून उभे राहायचे. माझं उडणं पडद्यावर मिनिटभर बघायचे, “जावईबापू, तेलाचा काटा बघा,” एवढंच म्हणायचे आणि अंगणात जायचे. पुढच्या मिनिटाला माझं इंजिन बंद पडायचं. मी किती वेळा म्हटलं, “मामा, बसा की एकदा.” दर वेळी एकच उत्तर, “न्हाई, तुमचं चालू द्या.” पण त्यांची नजर कुठं असायची ते मी बघत होतो. त्या वेळी पडद्यावर नसायची. ती खुर्चीवर असायची.

मग गेल्या वर्षीची खंडेनवमी आली. या दिवशी शस्त्रांची आणि हत्यारांची पूजा असते. बायकोनं विळी, कोयता आणि शिलाई मशीन पाटावर मांडलं. मी विचार केला, या घरात शस्त्र म्हणावं असं एकच आहे, ते म्हणजे माझं लढाऊ विमान. मी दांडी मांडली, तारेतून सोडवून डबा मांडला आणि मनोभावे पूजा केली. डब्याच्या तोंडावर चार काळे गोल ठिपके आहेत. देवानं टिळ्यासाठीच दिल्यासारखे. मी चारही ठिपक्यांवर हळद-कुंकू ठसठशीत लावलं, चिमूटभर अक्षता वाहिल्या आणि वर झेंडूचं फूल ठेवलं. अर्घ्याचं पाणीही थोडं शिंपडलं. सढळ हातानं.

दुपारी जेवणं झाली. सासरे बाजाराच्या कामाला आले होते, ते साडेपाचच्या एसटीनं वालूरला परतणार होते. लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही, हा त्यांचा नेम. लग्नाला बावीस वर्षं झाली, नेम मोडला नाही. पानाला चुना लावता लावता ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “त्या तुमच्या खेळाच्या यादीत ते जुनं विमान हाय म्हणं. आमचं.”

“हाय की मामा!”

“मग बघावं म्हणलं.”

स्वयंपाकघरात भांडी घासायचा आवाज थांबला. बायको दारात आली आणि तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला सगळं समजलं. हा माणूस दुसऱ्यांदा विचारणार नव्हता. साडेतीन वाजले होते.

मी घाईनं डबा उचलला. भिंगांवर ओघळलेलं कुंकू ओल्या अंगठ्यानं पुसलं, म्हणजे सगळीकडे पसरवलं. तार रेटून बसवली आणि खात्री करायला आधी माझ्याच डोळ्यांवर चढवला. विमान उजवीकडे तिरपं सरकत गेलं आणि मी पंखावर बसलेलो. मग पंखही गेला. विमान माझ्यावाचून निघालं आणि पाठोपाठ सगळा काळोख.

“काय झालं?” सासरे.

“थोडं... पूजा लागली.”

त्यांनी डबा हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि त्या चार ठिपक्यांकडे बघितलं. “जावईबापू, हे टिळे कुणी लावले?”

“मीच.”

“हे त्याचे डोळे हायेत. डोळ्यांत कुंकू भरल्यावर कुणाला दिसंल?”

ते खरंच डोळे होते. चार कॅमेरे. डोकं कुठं वळतंय हे डबा त्यांच्यातून बघतो. सहा महिने मी ते सजावट समजत होतो.

“दादा, राहू द्या,” बायको वडिलांना म्हणाली, “पुढल्या खेपी बसा.” तिच्या आवाजात पुढली खेप कुठंच नव्हती.

पण सासऱ्यांचा चेहरा बदलला होता. शर्टाच्या बाह्या वर गेल्या. त्यांनी पाटावर स्वच्छ पांढरा टॉवेल अंथरायला लावला, चष्मा पुसायचं मऊ फडकं मागितलं आणि लेकीच्या केसातली एक पिन. पिन टॉवेलच्या कोपऱ्यात ठेवून म्हणाले, “ही एक. शेवटाला एकच भरली पायजे.” मग मला विचारलं, “अक्षता किती वाहिल्या?”

“चिमूटभर.”

“चिमूटभर म्हंजे किती दाणे?”

मी बायकोकडे बघितलं. ती छताकडे बघायला लागली.

“आमच्याकडं एक खिळा जरी कमी भरला ना, तर विमान उडत नसतंय. सापडस्तोवर सगळे थांबतेत. घ्या चिमूट.”

म्हणून मी, पन्नाशीतला गुरुजी, ताटातून चिमूट घेऊन टॉवेलवर सोडू लागलो. पहिल्या वेळी अकरा दाणे, दुसऱ्या वेळी तेरा, तिसऱ्या वेळी बारा. “बारा धरू,” ते म्हणाले आणि कामाला लागले. कॅमेरे एकेक करून कोरडे पुसले. तोंडाची गादी काढली, तिच्यात चार दाणे. पट्ट्यात दोन. झेंडूच्या पाकळ्यांत तीन. पाटाच्या फटीत दोन. अकरा. घड्याळात साडेचार होत आले.

“मामा, बारा अन् अकरात काय फरक, एखादा इकडं-तिकडं...” मी म्हणालो.

त्यांनी नुसतं बघितलं. त्या बघण्याखाली वीस वर्षांत कितीतरी पोरं शिस्तीला लागली असतील. मग त्यांनी तार बसते त्या भोकाकडे डबा वळवला, पिन हलकेच आत घातली आणि बारावा दाणा बाहेर आणला. हळद लागलेला, माझ्या रेटण्यानं चपटा झालेला. तो टॉवेलवर ठेवला, त्याच्याशेजारी पिन ठेवली आणि म्हणाले, “पिन एक. आता हरकत न्हाई.”

उजव्या भिंगावर माझ्या अंगठ्याची तांबूस झाक तेवढी राहिली. “जादा घासलं तर चरे पडतील. राहू द्या.”

मग ते खुर्चीवर बसले. बसण्याआधी चप्पल काढली. मी डबा त्यांच्या डोळ्यांवर बांधला आणि दांडी एका हातात दिली. बराच वेळ फक्त मान हळूहळू फिरत होती. रिकामा हात हवेत पुढं गेला, डावीकडे खाली, मग वर. मी पडद्यावर बघितलं तर बोट नेमकं खटक्यावर होतं. एकदाही चुकलं नाही. इतकी वर्षं झाली, डोक्याला विसरता आलं असतं, पण हाताला विसरता आलं नव्हतं.

“हे दाबा. आता हे. थांबा, काटा वर येऊ द्या. आता हे.” ते बोट दाखवत होते आणि मी माउसनं दाबत होतो. मी तीन मिनिटं धडपडून सुरू करायचो ते इंजिन सुस्कारा टाकल्यासारखं सुरू झालं.

विमान उठलं. बायको त्यांच्या खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी होती.

“दादा, काय दिसायलंय?”

“लय मोठं हाय गं,” ते हळूच म्हणाले. “ढग तांबूस हायेत एका अंगानं.”

तो माझा अंगठा होता.

आणि मग माझी शेवटची चूक उघडी पडली. मी लढाईच्या खेळातलं शत्रूचं विमान काढून टाकायला विसरलो होतो. ते मागून आलं.

“मामा! मागं! दुश्मन! लाल बटन दाबा, लाल!”

“वरडू नका,” ते शांतपणे म्हणाले. मान वळवून मागं बघितलं, मग काट्यांकडं. “मारायचं काम शिकलेल्याचं. तेल अर्धं हाय. आपून घरी चाललोत.” त्यांनी नाक खाली घातलं, जमिनीला धरून विमान पळवलं आणि एकही गोळी न झाडता त्या शत्रूला मागं टाकलं. मी त्याच शत्रूवर आजवर किती गोळ्या उधळल्या असतील, देव जाणे. विमान एकदाही घरी आणलं नाही.

उतरताना दणका बसला. डावा टायर फुटला, विमान धावपट्टीवर वाकडं गेलं आणि थांबलं. पण थांबलं. अख्खं. आमच्या मधल्या खोलीतलं पहिलं अख्खं विमान. झाकण उघडून सासरे तसेच बसून राहिले.

“मामा, झालं. उतरा.”

“शिडी कुठंय?”

खेळात शिडी लावायला कुणी येत नसतं. मी पळत जाऊन स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं, खुर्चीला लावलं आणि त्यांचं कोपर धरलं. त्यांनी डबा काढला. डोळे पुसले की घाम पुसला, मला दिसलं नाही. मी स्टूल सरळ धरण्यात गुंतलो होतो, कारण ते मी उलटं लावलं होतं.

“वही आणा,” ते म्हणाले.

प्रत्येक उड्डाणानंतर वैमानिक वहीत विमानाची खराबी लिहितो आणि खालचा माणूस ती वाचून सही करतो. वीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचं लिहिलेलं वाचलं होतं. “एकानं बी कधी सोताची चूक लिहिली न्हाई,” ते म्हणाले. “दणकून उतरायचे अन् लिहायचे, चाक बघा.” मी माझी पाठ काढायची वही दिली. त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं:

‘डावा टायर फुटला. मशीनची चूक नाही. चूक पायलटची.’

ते वाक्य त्यांनी एकदा वाचलं, खाली सही केली आणि पेन माझ्याकडे दिला. “खालच्या माणसाची सही.”

मी केली. पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. मोटारसायकलच्या हँडलला झेंडूचा हार होता, तसाच त्यांना स्टँडवर घेऊन गेलो. एसटीच्या पायरीवर चढता चढता ते वळले.

“तो टायर बदलल्याबिगर उडवू नका.”

खेळात टायर आपोआप नवा येतो. हे मी त्यांना सांगितलं नाही. पण दिवाळीपर्यंत मीही डबा डोळ्यांवर चढवला नाही.